करुणाबाईंची संक्रांतीची वही

पेन्सिलीला टोक काढताना होणारा तो बारीक, कोरडा, सलग आवाज कानी पडला की मला अजूनही जानेवारीतली सकाळ आठवते. शिरीषाच्या पानांतून गाळलेलं कोवळं ऊन खाली उतरत असायचं, दवाने ओलसर झालेली माती बुटांना चिकटायची, आणि त्या झाडाखालच्या लाकडी मेजाशी बसून करुणाबाई अर्ध्या ब्लेडने आपल्या दोन पेन्सिलींना टोकं काढत असायच्या. सालपटं पदरात पडायची, ती त्या झटकत नसत. एक पेन्सिल धावा लिहायला आणि दुसरी, पहिलीचं टोक ऐन वेळी मोडलं तर. मैदानात यष्ट्या अजून रोवायच्या असत, कुणी पॅड शोधत असे, कुणी चहाला पळालेला असे. पण माझ्या छातीत त्या आवाजासरशी धडधड सुरू व्हायची. नाणेफेक नंतर होते, सामना त्या ब्लेडपासूनच सुरू होतो, असं मी आजही मानतो.

कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागे एक गल्ली आत वळते. बाहेर रिक्षावाल्यांचा गलका, दवाखान्यांच्या पाट्या, गाईडांचे ढीग. आणि गल्लीच्या टोकाशी एकाएकी एवढं मोकळं आकाश, की नवख्या माणसाची पावलं थबकतात. डावीकडे चर्च, उजवीकडे बुटक्या भिंतीआड दफनभूमी आणि या दोहोंच्या मधोमध आमचं मैदान. बारसं, लग्न आणि मरण यांच्या ऐन शेजारी क्रिकेट खेळणारा दुसरा संघ या शहरात असेल तर मला ठाऊक नाही. कागदोपत्री आमच्या क्लबला भलंमोठं नाव आहे, पण सगळं शहर, म्हणजे निदान आमची गल्ली, त्याला ‘चर्च टीम’ एवढंच म्हणते.

या टीमचा जन्म मी बाईंच्याच तोंडून ऐकला, आणि तो सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की जणू त्या स्वतः तिथे हजर होत्या. रविवारची उपासना आटोपल्यावर रेल्वेतले काही कारकून, मिशनच्या शाळेतले दोन-तीन मास्तर आणि एक कंपाउंडर यांनी पहिला डाव मांडला. खेळपट्टीसाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा चर्चमधली, नवरानवरी जिच्यावरून चालत वेदीपर्यंत जातात ती काथ्याची लांबलचक चटईच त्यांनी उचलून आणली आणि मैदानात अंथरली. वडीलधारे खवळले. त्या वेळचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मात्र म्हणाले म्हणे, की झटकून जागच्या जागी घाला म्हणजे झालं. पुढे कित्येक वर्षं आमच्या गोलंदाजांच्या बुटांचे ठसे उमटलेल्या चटईवरून नवऱ्या मुली वेदीकडे गेल्या. जालन्याहून लग्न होऊन आलेल्या करुणाबाई त्यांच्यापैकीच एक. शालूच्या काठाला त्या दिवशी लागलेली लाल माती त्यांनी मला कितीदा तरी कौतुकाने सांगितली, दागिन्यांविषयी मात्र मी त्यांच्याकडून कधी अवाक्षर ऐकल्याचं आठवत नाही.

त्यांचे सासरे मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि टीमचे पहिले गुणलेखक. मराठी माणूस, म्हणून त्यांनी गुणांची वही मराठीत लिहायला घेतली; बाकीचे तेलुगू बोलणारे, दखनी बोलणारे, पण कुणाचीच हरकत नव्हती, कारण आकडे कुठल्याही लिपीत लिहिले तरी वाढतातच. मास्तरांचा हात कापायला लागला तसं त्यांनी सुनेला शेजारी बसवलं. वर्षभराने वही तिच्या हातात आली आणि मग चाळीसहून अधिक वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नाही. टीममध्ये दाखल होणारा प्रत्येक जण आधी नऊ आणि सात मराठीत ओळखायला शिकायचा, कारण आपली धावसंख्या बाईंच्या खांद्यावरून वाकून वाचण्याचा मोह कुणाला आवरत नसे.

मी त्यांचा विद्यार्थी. आमचे आजोबा परभणीकडची शेती भावांवर सोपवून निजामाच्या काळात इथे नोकरीला आले; वडिलांनी मला हट्टाने मराठी शाळेत घातलं, आणि तिथे सातवीला मराठी शिकवायला करुणाबाई होत्या. वर्गात त्यांनी एकदा विचारलं, “चेंडू लांब फेकता येतो असं कोण कोण आहे?” मी हात वर केला. घरी आईने काळजीने विचारलं, की चर्चच्या टीममध्ये आपल्या मुलाला घेतील का. बाईंनी निरोप पाठवला: “अकरा भरत नाहीत, पाठवून द्या.” तेव्हापासून मी चर्च टीमचा. आता माझ्या केसांत पांढरं मिसळलंय, दिलसुखनगरला घर आहे, पण मला अजूनही सगळे ‘बाईंचा सुधाकर’ म्हणतात आणि मला ते फार आवडतं.

गुण लिहिणाऱ्या बाईंना पाहणं हा सामन्याइतकाच देखणा प्रकार होता. पांढरी सुती साडी, मानेवर घट्ट अंबाडा, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ. षटक संपलं की त्या मनगट उलटं करून वेळ बघत आणि ती षटकापुढे लिहून ठेवत. आणि हे सगळं इतक्या लयीत चाले की गोलंदाजाची धाव, चेंडूचा टप्पा, बॅटचा आवाज आणि बाईंच्या पेन्सिलीची हालचाल ही एकाच क्रियेची चार अंगं वाटावीत. एखादा देखणा फटका बसला की त्यांची मान किंचित डोले, पण पेन्सिल थांबत नसे. आपल्या माणसाचा झेल उडाला की ओठ मिटत. खोटं मात्र एका धावेचंही चालत नसे. एकदा मी नव्याण्णवावर असताना पॅडला लागून निघालेली लेग बाय त्यांनी माझ्या नावावर लिहिली नाही, आणि पुढच्याच षटकात माझा त्रिफळा उडाला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट शाळेत त्यांनी माझ्याकडून शुद्धलेखनाची दोन पानं जास्तीची लिहून घेतली.

आता आमच्या संक्रांतीच्या सामन्याविषयी सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं आयुष्य त्या एका सामन्याभोवती फिरत होतं असं म्हटलं तरी अतिशयोक्ती व्हायची नाही. दर संक्रांतीला सिकंदराबादच्या एका चर्चची टीम आमच्याकडे खेळायला येते. सकाळी आठला पहिला डाव सुरू होतो, दहाला संपतो. दहाला दुसरा सुरू होतो आणि चर्चची दुपारची बाराची घंटा झाली की जिथल्या तिथे संपतो. घंटेपर्यंत दुसऱ्या टीमने धावा पार केल्या तर ती जिंकली, नाहीतर हरली. फार पूर्वी दोन्ही कर्णधारांची घड्याळं दोन निरनिराळ्या वेळा दाखवत आणि हमरीतुमरीवर यायची पाळी येई, म्हणून एक रिवाज पडला: सामन्यापूर्वी सगळ्या खेळाडूंनी आपापली घड्याळं दानाच्या जुन्या मखमली पिशवीत टाकायची. पुढे त्यात मोबाईलही आले. ती फुगलेली पिशवी बाईंच्या मेजाखाली राहायची. मैदानावर घड्याळ एकच, बाईंच्या मनगटावरचं, तेही नोंदीपुरतं. निकाल घंटेचा.

आणि त्या सामन्याची वही वेगळी. तिला आम्ही संक्रांतीची वही म्हणायचो. दर वर्षाला एक पान. पानाच्या तळाशी मास्तरांनी पाडलेल्या शिरस्त्याप्रमाणे एकच शब्द, ‘जिंकलो’ किंवा ‘हरलो’. मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात तीनदा ‘जिंकलो’ आहे. बाईंच्या अक्षरात एकदाही नव्हतं. पान उलटावं तर हरलो, पुन्हा उलटावं तर हरलो. कधी आम्ही गडगडायचो, कधी पाच धावा हव्या असताना घंटा व्हायची. बाई तो शब्द लिहायच्या, पेन्सिल खाली ठेवायच्या आणि सिकंदराबादच्या मंडळींना आधी जेवायला वाढायच्या. एकदा मात्र माझ्यापाशी बोलून गेल्या. “सुधाकर, माझ्या हातचा एक ‘जिंकलो’ राहिला बघ.” त्यांनी हे हसत म्हटलं होतं, पण मला ते फार लागलं.

मग त्यांच्या डोळ्यांत धुकं उतरलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी लांबचं नीट दिसेना. मी बाद झालो की त्यांच्याशेजारी जाऊन बसायचो आणि त्या विचारायच्या, “कुणी धरला रे? नीट सांग.” मुलगी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहते, ती कधीची बोलावत होती. बाईंनी जाहीर केलं, की ही संक्रांत शेवटची, त्यानंतर वही सुधाकरकडे. मग किरण, आमचा सगळ्यात तरुण फलंदाज, दिवसभर कंप्युटरवर बसणारा आणि मराठीचा गंध नसलेला मुलगा, तेलुगू हेलातल्या हिंदीत म्हणाला, “टीचरम्मा, इस बार जीत के देते.” हे ऐकून सगळे ओरडले. मीही ओरडलो.

ती संक्रांत! आभाळ पतंगांनी नुसतं भरून गेलं होतं, गच्च्यागच्च्यांवरून आरोळ्या उठत होत्या, आणि खाली आमचं मैदान उन्हात लख्ख उजळलं होतं. सिकंदराबादने एकशे चौतीस केल्या. त्यांचे कर्णधार जोसेफ सर. शाळेतून निवृत्त झालेले पी.टी. मास्तर, वय साठीच्या पुढे, पण कप्तानी सोडतील तर शपथ. त्यांच्या डावात आमच्या यष्टिरक्षकाचं बोट फाटलं. आता फलंदाजीला आम्ही दहाच. जोसेफ सरांनी उदारपणे हात हलवला, “लेलो जी किसीकू बी.” मैदानात हजर असलेला, पायात बूट असलेला एकच रिकामा पुरुष होता: देवदानम. त्याला आम्ही अकरावा म्हणून लिहिलं.

देवदानम म्हणजे आमच्या चर्चचा घंटा वाजवणारा. रोज बाराला पाच कमी असताना तो दोरखंडाशी जाऊन उभा राहतो आणि आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दोर ओढतो; गल्लीतली निम्मी घरं त्या ठोक्यावर पानं वाढतात. त्याला अकरावा लिहिताना हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही. पॅड बांधायला मिळतायत म्हटल्यावर तो माणूस आनंदाने नुसता उजळून गेला होता. पाळक त्या दिवशी त्यांच्या गावी गेले होते, नाहीतर निदान त्यांनी तरी विचारलं असतं.

दुसरा डाव कसा सांगू! सलामीला आलेल्या किरणने काय फटके मारले! चेंडू दफनभूमीच्या भिंतीवर आदळायचा, चार धावा, आणि पलीकडे गेला की क्षेत्ररक्षकाने टोपी काढून, न पळता, चालत जाऊन तो आणायचा हा आमचा जुना नियम. सिकंदराबादची पोरं सारखी टोप्या काढून चालत होती. मी सव्वीस करून बाद झालो आणि धापा टाकत बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. साठ, ऐंशी, शंभर. मग मधले गडी भराभर गेले. किरण एका टोकाला उभा, दुसऱ्या टोकाला येतोय आणि जातोय अशी रांग. नववा गडी बाद झाला तेव्हा नऊ धावा हव्या होत्या आणि सावली पायाखाली आली होती. बाईंच्या कपाळावर घाम होता. देवदानम बॅट खांद्यावर टाकून निघाला, आणि गच्चीवरच्या पतंगवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

“कोण आलं?” बाईंनी विचारलं.

“देवदानम, बाई.”

त्यांची पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्यांनी त्याचं नाव लिहिलं.

किरणने एक घेतली. एक निर्धाव. देवदानमने आडवी बॅट फिरवली, चेंडू कुठल्या कुठे उडाला, दोन धावा. षटक संपलं. बाईंनी मनगट उलटं केलं, बघितलं, आणि नेहमीसारखी वेळ लिहायच्या ऐवजी पदराचं टोक ओढून मनगटावर घेतलं. ऊन लागत असेल असं मला वाटलं. माझं लक्ष खरं तर मैदानात होतं. आमचे सगळे उभे होते, कुणीतरी माझा खांदा घट्ट आवळून धरला होता, नखं रुतत होती आणि मला त्याची शुद्ध नव्हती. आणखी एक षटक गेलं, त्यात दोन धावा. मग चार हव्या असताना देवदानम समोर आला. गोलंदाज धावला. देवदानमने डोळे मिटून, होय, मिटूनच, बॅट फिरवली, आणि तो टण्ण आवाज माझ्या हाडांत शिरला. चेंडू भिंतीवर जाऊन आदळला.

पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. मी रडत होतो एवढं खरं. किरणला कुणी उचललं होतं, सिकंदराबादची मुलंसुद्धा हसत होती, जोसेफ सर आमच्या पाठी थोपटत होते. तेवढ्यात देवदानम किंचाळला, “अय्यो, गंटा!” आणि पॅडसकट, बॅटसकट चर्चकडे धावत सुटला. क्षणात घंटा घुमू लागली. आम्ही आणखीच जोरात ओरडलो. घंटेच्या आत जिंकलो! अगदी मिनिटभर आधी! बाई मेजाशी बसल्या होत्या आणि पानाच्या तळाशी लिहीत होत्या. एक शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला. आनंद झालाय, मी मनात म्हटलं. मग सगळ्यांनी मिळून त्यांना खुर्चीसकट उचललं आणि मैदानाला फेरी मारली. एका हाताने त्या खुर्ची आणि दुसऱ्या हाताने वही घट्ट धरून होत्या.

त्याच आठवड्यात मुलगी त्यांना घेऊन गेली. निघताना वही माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, “शेवटचं पान वाच हं.” मी मान डोलवली. वही घरी आणून कपाटात ठेवली आणि खरं सांगायचं तर ती उघडली नाही. निकाल मला तोंडपाठ होता. आणि लाज वाटते सांगायला, पण मराठी वाचायची माझी सवयच मोडली आहे. ऑफिसात इंग्रजी, घरी मुलांशी अर्धी हिंदी, बाजारात तेलुगू. बाईंचं बारीक अक्षर म्हणजे सवडीने करायचं काम, आणि सवड काही मिळत नव्हती.

वर्षभराने कुकटपल्लीला गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या, अंबाडा लिंबाएवढा झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, “शेवटचं पान वाचलंस?”

“वाचलं ना, बाई.” मी बेधडक ठोकून दिलं.

“सगळं?”

“सगळं.”

त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या. “मग? तुला काही वाटलं नाही?”

“वाटायचंय काय त्यात? जिंकलो की आपण!”

मग बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी शाळेपासून कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या सुरकुत्या सैल पडल्या, डोळे भरले आणि त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. मुलीला हाक मारून म्हणाल्या, “अगं, सुधाकरला काहीतरी गोड दे.” मी दोन लाडू खाल्ले आणि खुशीत घरी आलो. गेल्या श्रावणात त्या गेल्या. आमच्याच दफनभूमीत, भिंतीला लागून त्यांना जागा मिळाली.

आता चर्चच्या मंडळींनी क्लबचा इतिहास लिहायचं ठरवलं आणि जुन्या वह्या वाचता येणारा म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. अखेर कपाट उघडलं. संक्रांतीची वही मांडीवर घेऊन, एकेका अक्षरावर बोट ठेवत शेवटच्या पानापर्यंत आलो. तळाशी लिहिलं होतं:

“जिंकलो. एक गडी राखून. शेवटचा चेंडू बारा वाजून सात मिनिटांनी. देवदानम खेळत होता, घंटा वाजवायला कुणी नव्हतं. बारा वाजलेले मी पाहिले होते. बोलले नाही. करुणा.”

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जिने माझी नव्याण्णवावरची एक धाव सोडली नाही, तिने सात मिनिटं पदराखाली झाकली होती! आणि झाकलेली लगेच लिहूनही ठेवली होती, भर जल्लोषात, आम्ही तिची खुर्ची उचलायच्या आत. मला हसू येत होतं. कुकटपल्लीच्या खिडकीतला तो प्रश्न आता कुठे मला कळला. त्यांनी कबुली दिली होती आणि टीममधल्या ती वाचू शकणाऱ्या एकमेव माणसाला विचारलं होतं, तुला काही वाटलं नाही ना? आणि मी न वाचताच त्यांना माफ करून टाकलं होतं.

हे सिकंदराबादला सांगितल्यावाचून इतिहास लिहिणं मला जमेना. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन जोसेफ सरांकडे गेलो आणि ते पान त्यांना हिंदीत वाचून दाखवलं. म्हटलं, सर, तो सामना खरं म्हणजे तुमचा. ते ऐकत होते, मधूनच मान हलवत होते, त्यांना जराही धक्का बसल्यासारखं दिसेना.

“मालूम था मेरेकू,” ते म्हणाले.

“क्या मालूम था?”

“बारा बज गए बोलके. मोज़े में घड़ी थी ना मेरी. हर साल रखता था मैं.” आणि ते असे गदगदून हसले की त्यांच्या सूनबाई बाहेर डोकावल्या. “बोलता तो सब पूछते, ये घड़ी कहाँ से आई बोलके!” मग हसू ओसरलं. “फील्डिंग में झाड़ के नीचेइच खड़ा था मैं, बाई के बाजू में. उनो घड़ी देखे, फिर पल्लू ढाँक लिए. मूँ देखा मैं उनका. इत्ते साल से लिखरे थे, हार गए, हार गए. मैं सोचा, आज नक्को बोलना.”

म्हणजे त्या सात मिनिटांत, पतंगांच्या त्या गजराखाली, दोन सचोटीची माणसं एकमेकांपासून चार हातांवर राहून एकच गोष्ट लपवत होती, आणि दुसराही तेच लपवतोय हे दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं. बाईंना हे कळलं असतं तर! निरोप घेताना जोसेफ सर म्हणाले, “अब लिखरेच तो मेरी घड़ी का बी लिखो. उनका अकेला नाम अच्छा नै लगता.”

मी लिहिलं. क्लबच्या इतिहासात बाईंचं पान जसंच्या तसं भाषांतर करून घातलं, खाली जोसेफ सरांच्या मोज्यातलं घड्याळ घातलं. देवदानमने ते ऐकून दोन्ही कान पकडले, आणि मग सगळे इतके हसले की मंडळींची बैठक तिथेच संपली. पण मला चैन पडेना. घरी येऊन पेन्सिलीला टोक केलं आणि संक्रांतीच्या वहीत, बाईंच्या सहीखाली, अडखळत, माझ्या मोडक्या अक्षरात लिहिलं: “हे पान वाचलं नव्हतं. बाईंना वाचलं म्हणून सांगितलं. सुधाकर.”

लिहून झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा तपासलं. ते लाडू मला खोट्याबद्दल मिळाले होते. पण त्या खोट्यावाचून बाई तशा हसल्या नसत्या, आणि ते हसू परत करायला सांगितलं तर मला करवणार नाही. काळ माणसाला घेऊन जातो तेव्हा त्याच्याशी आपलं बोलणं अर्ध्यावरच आलेलं असतं. उरलेलं आपण त्याच्या आठवणीशी बोलत राहतो, आणि तिथे मात्र ‘वाचलं ना, बाई’ म्हणून सुटता येत नाही.